सुई नाचवणारी डबी

परवा आमच्या हॅम रेडिओच्या व्हॉट्सॲप गटावर एका नव्या सभासद मुलीनं विचारलं, “व्हीएचएफसाठी लो-नॉइज प्रीॲम्प्लिफायरचं किट घ्यायचंय. कुठलं घेऊ?” कोरमंगलाच्या कुठल्याशा पीजीत राहते, गच्चीवर ॲन्टेना लावायची परवानगी मिळालीय, पण लांबची स्टेशनं पुसट येतात, एवढंच तिनं लिहिलं होतं. अर्ध्या तासात उत्तरांची रीघ लागली. एकानं सोनेरी डबीचा फोटो टाकला, दुसऱ्यानं त्याहून सोनेरी डबीचा. सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा, आपली डबी आवाज किती वाढवते. ती डबी स्वतःचा किती कचरा त्या आवाजात मिसळते, हा प्रश्न एकाही शहाण्याला पडला नाही. एकानं तर लिहिलं, “मीटरची सुई शेवटाला टेकते, पैसा वसूल.” साठी उलटल्यावर माणसानं अशा गोष्टींवर रक्त आटवू नये म्हणतात. पण मला अक्षरशः शिसारी आली. फोन पालथा घातला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच एक पातेलं घासून काढलं. ही शिसारी माझी जुनी आहे. शाळा संपून कॉलेजात जायला लागले त्या दिवसांत ती मला जडली, राजाजीनगरच्या आमच्या घरात, आणि तिचं कारणही अशीच एक डबी होती.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रेसवर होते. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात पत्र्याच्या पातळ पट्ट्या असतात, त्या कापणारं ते मशीन. दिवसभर धाड, धाड, धाड. संध्याकाळी सायकलवरून घरी यायचे तेव्हा अंगाला तेलाचा आणि लोखंडाचा वास असायचा, आणि तो साबणानं कधीच पुरता जायचा नाही. आमचं घराणं बेंगळुरात कधी आलं हे कुणी विचारू नये; विचारलं की आमचे लोक थेट कुठल्याशा घोडदळापासून सुरुवात करतात आणि समोरची कॉफी निवून जाते. घरात मराठी, पण पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी तोंडाला पदर लावून हसावं अशी, अर्धी कन्नडात भिजलेली. आई सकाळी कॉफीच्या बिया भाजायची, हातानं दळायची. जेवायला ती हाक मारायची नाही. पळी ताटलीवर आपटायची. आधी साधी आपटायची, मग जोरात आपटायला लागली. अण्णा आपल्याच तंद्रीत असतात असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तंद्रीतल्या माणसाला घरात एक मान असतो, तो त्यांना मिळत होता.

तंद्री कसली, तर रेडिओची. परवाना काढून स्वतःच्या घरातून बिनतारी संचावर जगाशी बोलणारे जे हौशी लोक असतात, त्यांतले अण्णा एक. गच्चीच्या जिन्याखाली एक खोली होती, खोली कसली, कोनाडाच. तिथे त्यांचा सेट, त्यावर आईनं भरतकाम केलेलं झाकण. त्यांच्या मागोमाग मीही परीक्षा देऊन परवाना काढला. मोर्सच्या कट्ट-कडकट्टची परीक्षा त्या वेळी असायची, आणि त्यात मला अण्णांपेक्षा जास्त मार्क मिळाले. माझ्या कानांचा मला भारी गर्व होता. गर्दीतून, खरखरीतून, एकावर एक चढलेल्या चार स्टेशनांतून मला हवं ते वेगळं काढता यायचं. अण्णा मात्र सेटच्या अगदी जवळ बसून डोळे मीटरच्या सुईवर ठेवायचे. मला वाटायचं, हीच जुन्या लोकांची पद्धत असावी.

रविवारी सकाळी आठ वाजता गोविंदकाका यायचे, म्हणजे हवेतून यायचे. ते अण्णांचे शाळेपासूनचे मित्र. मूडिगेरेच्या पुढे डोंगरावर एका कॉफीच्या इस्टेटीत कारकून होते. टेलिफोन नाही, शेजार नाही, नवरा-बायको दोघंच. अण्णांचं आणि त्यांचं काय बोलणं व्हायचं ते काही फार नव्हतं: पाऊस, मिरी, गुडघे. पण शेवटी एका वाक्यापुरत्या रुक्मक्का माइकवर यायच्या. काकांची बायको. त्यांचं वाक्य ठरलेलं होतं. “मालू, आज इकडे कडुबू. तिकडे काय?” मी सांगायची, “अक्किरोट्टी,” किंवा “उप्पिट्टू, आणि तेही कालचं.” मग त्या हसायच्या, आणि तो बारीक उंच आवाज खरखरीच्या वर स्वच्छ तरंगायचा. मी त्यांना आयुष्यात दोनदाच पाहिलं होतं. पण दर रविवारी त्यांच्या चुलीवर काय आहे हे मला ठाऊक असायचं, इतकं मला आमच्या सख्ख्या मावशीचं ठाऊक नव्हतं.

काकांची एक खोड होती. हॅम लोक बोलणं झाल्याची खूण म्हणून एकमेकांना कार्ड पाठवतात. नव्या माणसाशी पहिल्यांदा बोलणं झालं की एक कार्ड, संपलं. काका दर रविवारचं कार्ड पाठवायचे. तारीख, वेळ, आणि खाली जे जे बोलणं झालं ते सगळं मुंगीएवढ्या अक्षरांत. जे रविवारी कानानं ऐकलं तेच पुढच्या आठवड्यात पोस्टानं वाचायचं! मला हसू यायचं. अण्णा मात्र ते कार्ड चष्मा लावून दोन-दोनदा वाचायचे आणि उशीखाली ठेवायचे. मी आईला म्हणायची, “दोघांचंही निवृत्तीचं वय झालं.”

आता एका किळसवाण्या चालीबद्दल सांगते, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. हॅम लोकांत भेटल्याबरोबर समोरच्याचा आवाज कसा येतोय ते दोन आकड्यांत सांगायचं असतं. पहिला आकडा शब्द किती कळले त्याचा, पाचपैकी. दुसरा आवाज किती जोरकस त्याचा, नऊपैकी. फाइव्ह नाइन म्हणजे शेजारी बसून बोलल्यासारखं. हा रिपोर्ट खरा द्यायचा असतो, त्यावरून समोरचा माणूस आपला सेट दुरुस्त करतो. पण आमच्याकडे फाइव्ह नाइन म्हणजे ‘या, बसा, कॉफी घ्या’ असं होऊन बसलं होतं. पाहुण्याला कुणी ‘तुम्ही वाळलात’ म्हणतं का? तसंच ‘तुम्ही ऐकू येत नाही’ असं कोण म्हणणार! “फाइव्ह नाइन सर, फाइव्ह नाइन! कृपया आपलं नाव परत सांगा, कळलं नाही,” असं म्हणणारी माणसं मी या कानांनी ऐकली आहेत, आणि ती स्वतः हसतही नसत. एकटे गोविंदकाका खरे आकडे द्यायचे. फोर फाइव्ह म्हणजे फोर फाइव्ह. अण्णांना मात्र सगळेच फाइव्ह नाइन. मला त्याचा तिटकारा होता आणि मी तो घरात बोलूनही दाखवायची.

मग काकांचा आवाज खचत चालला. त्यांच्या घरासमोरचे सिल्व्हर ओक वाढून ॲन्टेनाच्या वर गेले होते, आणि झाडं काही त्यांच्या मालकीची नव्हती. काका पार बुडायचे, रुक्मक्का तेवढ्या वर यायच्या. तेव्हा प्रीॲम्प्लिफायर लावायचं ठरलं. ॲन्टेनाकडून आलेला दुबळा आवाज सेटमध्ये शिरण्याआधी वाढवणारी ही लहानशी डबी. निवड करायची होती दोन किटांतून. एक मी शोधलेलं. एसपी रोडवरच्या एका बोळकांडीतला म्हातारा दुकानदार ते विकायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक तांब्याची पाटी, चांदीच्या कागदात गुंडाळलेला तांदळाएवढा ट्रान्झिस्टर आणि सायक्लोस्टाइल केलेला एक कागद. वाढ फक्त पंधरा डेसिबल. पण स्वतःचा गोंगाट जवळजवळ नाहीच, आणि कागदावर बजावलेलं की ही डबी वर खांबावर, ॲन्टेनाच्या पायाशी बसवा, खाली टेबलावर नको. केबलमध्ये आवाज वाया गेल्यावर वाढवून काय उपयोग? दुसरं किट रामोजीमामांचं.

रामोजीमामा आमच्या समाजातले आणि आमच्या क्लबातले मोठं प्रस्थ. अण्णांचा परवाना दिल्लीत अडकला होता तेव्हा त्यांनीच कागद हलवले होते, आणि ते हे कधी बोलून दाखवायचे नाहीत, फक्त आमच्याकडे येऊन बसायचे. बशीत कॉफी ओतून फुर्र करून प्यायचे, वडा खाल्ला की तेलकट बोटं सेटवरच्या भरतकामाच्या झाकणाला पुसायचे. आई ते झाकण दर वेळी धुवायची आणि काही बोलायची नाही. त्यांच्या किटाची डबी चकचकीत, वर लाल दिवा, बाजूला रंगानं लिहिलेलं ‘३०’. तो लाल दिवा कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, “शोभा नको काय ग पुट्टी?” एका रविवारी त्यांनी ती डबी आमच्या टेबलावर जोडून दाखवली. काका बोलत होते. डबी चालू केली आणि मीटरची सुई टुणकन उडी मारून पार पलीकडे गेली.

“नोडू, नोडू! कशी नाचते बघ सुई!” मामांनी मांडीवर थाप मारली. अण्णांचा चेहरा उजळला. मी डोळे मिटून ऐकत होते. खरखर दुप्पट झाली होती, काकाही दुप्पट झाले होते, आणि शब्द होते तिथेच बुडालेले होते. “मामा, ही नुसती चिकरी आहे,” मी म्हणाले. आई दारात उभी होती, ती हसली. कॉफीत चिकरी वाढवली की रंग येतो, वास येत नाही, हे तिचंच वाक्य. मामांनी माझ्याकडे बघितलंही नाही. अण्णांना म्हणाले, “पंधरा मोठे की तीस मोठे, हे तरी शिकवतात की नाही कॉलेजात?” मी अण्णांना म्हणाले, “तुम्हीच सांगा, एक तरी शब्द जास्त कळला का?” अण्णांनी सुईकडे बघितलं, मामांकडे बघितलं, आणि म्हणाले, “फरक आहे की. चांगलाच फरक आहे.” भीड ही भिकेची बहीण असं आमच्या घरात दिवसातून एकदा तरी म्हटलं जायचं, आणि तरीही ती डबी राहिली. मला अण्णांचा त्या क्षणी इतका वीट आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. माझं पंधराचं किट मी हट्टानं आणून ठेवलं होतं, ते पिशवीसकट ट्रंकेत गेलं.

त्यानंतरच्या एका रविवारी अण्णा आनेकलला एका बारशाला गेले. सकाळच्या बसनं आईही गेली. जाताना अण्णा म्हणाले, “गोविंदाला तू घे. रिपोर्ट दे, बाकी काय ते ऐक.” माझ्या दोन मैत्रिणी नऊला मल्लेश्वरमला दोसा खायला भेटणार होत्या आणि मी केस धुऊन, नवी ओढणी काढून बसले होते. आठ वाजता लाल दिवा लागला, सुई नाचली आणि खरखरीचा लोंढा आला. त्यात काका होते. माणूस बोलतोय एवढं कळत होतं, काय बोलतोय ते नाही. त्यांनी काहीतरी सांगितलं. मी गप्प राहिले तर परत सांगितलं. मग थांबून, सावकाश, परत सांगितलं. मला ‘कळत नाही’ म्हणता आलं असतं. मला डबी बंद करून, डोळे मिटून, कान लावता आला असता. मला ते जमायचं. पण साडेआठ वाजत आले होते आणि ओढणीला अजून इस्त्री करायची होती. मी बटण दाबलं आणि अण्णांच्याच सुरात म्हणाले, “रॉजर, रॉजर काका. फाइव्ह नाइन. सगळं कळलं. लई संतोष झाला. रुक्मक्कांना सांगा, आज इकडे काही नाही, मी दोसा खायला बाहेर चाललेय!” पलीकडे बराच वेळ नुसती खरखर. मग काका एकच काहीतरी लहानसं बोलले आणि थांबले. रुक्मक्का माइकवर आल्या नाहीत. ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

पुढच्या रविवारी काका आलेच नाहीत. इस्टेटीत वीज गेली असेल, असं आम्ही म्हणालो. त्यानंतरच्या गुरुवारी कार्ड आलं. अण्णा कारखान्यात होते, म्हणून मीच उघड्यावर वाचलं, फाटकात उभी राहून. वर नेहमीसारखी तारीख, वेळ. माझा रिपोर्ट, फाइव्ह सेव्हन. खाली नेहमीसारखी दाटीवाटी नव्हती, चारच ओळी होत्या: ‘शुक्रवारी पहाटे रुक्मिणी गेली. तार केली नाही, रविवारी बोलणं होणारच होतं आणि मालू असणार होती. तीनदा सांगितलं. तिचा आवाज इकडे स्वच्छ येत होता.’

माझ्या आवाजाचा मला असा किळस आला की दिवसभर मी आईशीही खुणांनी बोलले. आजही कधी कुणी रेकॉर्ड केलेला माझा आवाज ऐकवला तर मी उठून जाते. लोकांना वाटतं, विनय आहे. त्या वाक्यातला दोसासुद्धा मला आठवतो. मल्लेश्वरममध्ये मी तो खाल्ला होता, वर आणखी एक मागवला होता, आणि मैत्रिणींना रामोजीमामांची नक्कल करून दाखवली होती.

संध्याकाळी अण्णांनी कार्ड वाचलं. दोनदा वाचलं. मला वाटलं होतं, ओरडतील. त्यांनी पॅड घेतलं आणि काकांना पत्र लिहायला बसले. मी खांद्यावरून वाचलं: ‘त्या दिवशी वातावरण खराब असल्याने चि. मालूस नीट ऐकू आले नाही...’ मी म्हणाले, “वातावरण खराब नव्हतं, अण्णा. मी खोटं बोलले. फाइव्ह नाइन म्हणाले, तुमच्यासारखं.” आई म्हणाली, “तुम्ही स्वतः जाऊन या की मूडिगेरेला.” अण्णा म्हणाले, “कुठल्या तोंडानं जाऊ?” आणि पत्र पुरं करायला लागले. मी त्यांच्या हाताखालून कागद ओढला आणि फाडला. बापाच्या हातचा कागद फाडणं आमच्याकडे होत नसे. आईनं पळी खाली ठेवली. अण्णा फाटक्या कागदाकडे बघत बसले आणि मला त्यांची कीवसुद्धा आली नाही, इतकी मी स्वतःवर चिडले होते.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर मी ट्रंकेतून पंधराचं किट काढलं. ते बांधायला तीन दिवस लागले. तो तांदळाएवढा ट्रान्झिस्टर भारी नाजूक. अंगातल्या विजेनंही मरतो, म्हणून बोट आधी नळाला लावायचं, सोल्डरचं तापलेलं हत्यार प्लगमधून काढायचं आणि मगच त्याचं टोक टेकवायचं. आई शेजारी अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसायची आणि मी हात पुढे केला की न विचारता चिमटा द्यायची. मी बोलत असताना डबीला धक्का बसू नये म्हणून तिला बाजूला काढणारा रिले, म्हणजे आपोआप फिरणारा स्विच, जोडला. ताकाचा प्लॅस्टिकचा डबा उलटा करून त्यात ते सगळं बसवलं. शनिवारी अण्णा खांबावर चढले आणि मी खालून सांगितलं तिथे, ॲन्टेनाच्या पायाशी, डबा बांधून आले.

नेमके तेव्हा रामोजीमामा हजर झाले. कार्डाचं त्यांच्या कानावर गेलं होतं. “झालं ते झालं. पोरीची चूक. माझ्या डबीला दोष देऊ नका,” म्हणाले, रुक्मक्कांबद्दल एक शब्द नाही. मी नवं किट चालू केलं. सुई जेमतेम थरथरली आणि खाली बसली. मामा मोठ्यानं हसले. “अग, मेली आहे ही! सुई हलते तरी काय?” मी म्हणाले, “मामा, सुई बघायची नसते. ऐकायचं असतं.” त्यांनी वड्याचं बोट झाकणाकडे नेलं. त्या दिवशी आईनं ते झाकण त्यांच्या हाताखालून उचललं आणि आत घेऊन गेली. मामा नंतर आमच्याकडे फारसे आले नाहीत. त्यांची डबी मी चार-पाच वर्षांपूर्वी एका सभासदाच्या टेबलावर पाहिली. लाल दिवा अजून लागतो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, काका आले नाहीत. आम्ही दोघं नऊपर्यंत बसलो. सेट शांत होता, जमिनीवर पाणी सांडून पुसल्यावर असावी तशी स्वच्छ शांतता, आणि तीत कुणी नव्हतं. ते पुन्हा कधी येणारच नाहीत असं मला वाटायला लागलं. आपण ज्या माणसाला तीनदा सांगून ऐकू गेलो नाही, त्याच्याशी चौथ्यांदा बोलायला कोण येईल? सगळा आठवडा मी कार्डाची वाट बघितली. कॉलेजातून येताना मी पोस्टाच्या पेटीत हात घालून बघायची. कार्ड नव्हतं.

त्याच्या पुढच्या रविवारी, आठ वाजून थोडं झालं होतं, तेव्हा सेटमधून आमचं नाव आलं. पुसट, बारीक, पण अख्खं. सुई जागची हललीसुद्धा नव्हती. अण्णा सुईकडेच बघत होते, त्यामुळे त्यांना काही आलंय हे कळलंच नाही. मी माइक ओढून घेतला.

“काका, मी मालू. तुमचा रिपोर्ट फोर थ्री. बहुतेक शब्द कळतात, एखादा सुटतो. काका, त्या रविवारी मला काहीच कळलं नव्हतं. एकही शब्द नाही. मला बाहेर जायची घाई होती म्हणून मी फाइव्ह नाइन म्हणाले. खोटं बोलले. तुम्ही काय सांगत होता ते मला परत सांगा.”

अण्णांनी माझं मनगट धरलं. “असं विचारतात काय ग? त्याला परत सांगायला लावतेस?” मी मनगट सोडवलं नाही आणि बटणही परत दाबलं नाही. आई दारात येऊन उभी राहिली होती, हाताला पीठ.

मग काकांनी सांगितलं. गुरुवारी संध्याकाळी रुक्मक्कांनी कडुबूसाठी तांदूळ भिजत घातले. पाठ दुखते म्हणून लवकर झोपल्या. पहाटे पाणी मागितलं. काका पाणी घेऊन येईपर्यंत... तिथे शब्द सुटला. मी म्हणाले, “काका, सुटलं. परत.” त्यांनी परत सांगितलं. जीप यायला दोन तास लागले. तांदूळ तसेच राहिले, कुणाच्या ध्यानात आले नाहीत, तिसऱ्या दिवशी आंबून वास आला तेव्हा टाकले. आणखी एकदा मी ‘परत’ म्हणाले. त्यांनी कुरकुर केली नाही. मला वाटतं, कुणी ‘परत सांगा’ म्हणावं याचीच ते वाट बघत असावेत. सगळं झाल्यावर थांबले आणि म्हणाले, “सरी, बरं. मालू, आज तिकडे काय?”

मी आईकडे बघितलं. “अक्किरोट्टी, काका.”

“इकडे भात. मीच केला. खाली करपला, वर कच्चा.”

तेव्हा अण्णांनी माझ्या हातातून माइक घेतला. आता हे फाइव्ह नाइन म्हणणार, सवयीनं म्हणणार, आणि सगळ्यावर बोळा फिरवणार. त्यांनी बटण दाबलं. नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलायला लागले, आणि मला पहिल्यांदाच जाणवलं की ते नेहमीच मोठ्यानं बोलतात.

“गोविंदा, मला ऐकू येत नाही रे. आजचं नव्हे. प्रेसनं कान खाल्ले, दोन-तीन वर्षं झाली. डबी ही असो की ती असो, मला सारखंच. मी सुई बघतो आणि रॉजर म्हणतो. घरात सांगितलं नाही. तुलाही सांगितलं नाही.”

आईचा पिठाचा हात तोंडाकडे गेला. माझ्या डोळ्यांसमोर ती जोरजोरात आपटणारी पळी आली, सुईवरची ती नजर आली, ‘फरक आहे की’ म्हणणारा तो चेहरा आला. बारीकसारीक ऐकणारी मी! शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचं मला ऐकू आलं नव्हतं. आयुष्यभर लोकांच्या फाइव्ह नाइनचा मी तिरस्कार केला, आजही करते, त्या गटावरच्या सोनेरी डब्यांचाही करते. पण त्या सकाळचा माझा मलाच आलेला तिटकारा त्या सगळ्यांहून खोल आहे, आणि तो मी कुणाला देऊन टाकू शकलेले नाही.

अण्णांनी बटण सोडलं. काकांचा आवाज आला, पुसट, पण शब्दन् शब्द कळेल असा.

“ठाऊक आहे की रे. नाहीतर दर रविवारचं कार्ड कशाला लिहीत बसलो असतो?”

सुई हलली नव्हती. अण्णांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्यावरून नजर काढली आणि माझ्याकडे वळवली.

“काय म्हणाला?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी मला त्याआधी कधी विचारला नव्हता. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि काका जे म्हणाले ते जसंच्या तसं, मोठ्यानं, सांगितलं.